टर उडवायची तर

चि. मुली,

अनेक आशीर्वाद. परवा बेळगावात टिळकवाडीत मंडळापुढं तुमच्या बँडचा कार्यक्रम झाला, तेव्हा मी अगदी मागं, जनरेटरजवळच्या खुर्चीत होतो. तुला दिसलो नसेन. भजनीबुवांची नक्कल सुरू झाल्यावर मंडप हसला. मी मात्र दुसऱ्या कडव्यापाशी अडलो. भजनी ठेका आठ मात्रांचा, आणि तुमचा ड्रमर सहाव्यालाच सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, गाठून मोकळा! त्यानंतरचं हसू बुवांवर होतं की तुमच्यावर, हे मला कळेना. तुला कळलं का?

असल्या नकला करणाऱ्या बँडचं पुढं काय होतं, असं तू विचारलं होतंस. एकाची गोष्ट सांगतो. लंडनमध्ये 1962 साली चित्रकला शिकणाऱ्या काही पोरांनी बॉन्झो डॉग डू-डा बँड काढला. बॉन्झो हे तिकडच्या जुन्या व्यंगचित्रांतलं कुत्र्याचं पिल्लू. नावात आधी 'दादा' होतं, कलेतल्या, सगळं उलटंपालटं करणाऱ्या त्या चळवळीचं. पण दादा म्हणजे काय, हे जो तो विचारी. सांगून सांगून कंटाळले आणि त्यांनी त्याचं 'डू-डा' करून टाकलं. (तुमच्या बँडचं नाव मला अजून पाठ होत नाही, तेवढं बघ.)

ही पोरं जुन्या बाजारात जाऊन मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या धुंडाळायची. 1920च्या सुमारासची विसरलेली, खुळी गाणी. ती सूर-ताल सांभाळून वाजवायची आणि मग मधेच गंमत घुसडायची. रॉजर रस्किन स्पियर नावाचा गडी घरी बनवलेले यंत्रमानव स्टेजवर आणी, आणि पँटला इस्त्री करायच्या यंत्रावर त्यानं चक्क सोलो वाजवला. पुढं 1966मध्ये दुसऱ्याच एका बँडनं तसलाच जुना बाज धरून गाणं केलं आणि ते तुफान चाललं. आता आपणच नक्कल करणारे वाटू, हे ओळखून यांनी वाट बदलली आणि ते रॉककडं वळले. भांडत नाही बसले. मला त्यांचं सगळ्यात जास्त कौतुक याचं वाटतं.

1967च्या डिसेंबरात बीटल्सच्या टीव्हीवरच्या चित्रपटात ते दिसले. त्यात त्यांचा गायक व्हिव्हियन स्टॅनशॉल एल्व्हिस प्रेस्लीच्या ढंगात 'डेथ कॅब फॉर क्यूटी' गातो. कधी मिळालं तर बघ. थट्टा आहे हे उघड दिसतं, पण आवाजाची फेक, खांद्याचा झोक, कशात कसर नाही. पुढच्या साली त्यांच्यातल्याच नील इनिसचं 'आय अ‍ॅम द अर्बन स्पेसमन' ब्रिटनच्या खपाच्या यादीत पाचव्या क्रमांकावर गेलं. ते बसवलं खुद्द बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीनं, पण अपोलो सी. व्हर्मुथ असं भलतंच नाव लावून! आणि 1970ला बँड मोडला. पहिली रेकॉर्ड 1967ची, चौथी 1969ची. एवढाच काय तो संसार.

आता आपल्या मातीतलं. इथून जवळच्या सुळेभावीत 1924 साली जन्मलेला एक पोरगा मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब गायचा. जागेवरची हरकत, जागेवरचा श्वास. ते कुमार गंधर्व. त्यांनी कुणाची टर उडवली नाही, म्हणून तुलना ताणत नाही. पण नक्कल म्हणजे आधी कान, हे लहानपणीच्या त्या गाण्यात आहे आणि लंडनच्या त्या पोरांतही. नील इनिसनं पुढं 1978मध्ये 'रटल्स' नावाच्या खोट्याच बँडसाठी बीटल्सची थट्टा करणारी गाणी रचली. ती इतकी तंतोतंत उतरली, की मूळ गाण्यांचे हक्क असलेल्या कंपनीनं दावा लावला आणि कमाईतला वाटा द्यावा लागला. याला म्हणतात नक्कल!

दुसरं भाषेचं. तुमच्या त्या कंडक्टरच्या गाण्यात कन्नड बोलणारा तेवढा बावळट. आपल्या गावात हे खपतं, टाळ्याही मिळतात, म्हणूनच सांगतो. पु.लं.चे रावसाहेब बेळगावचेच. त्यांची कन्नड वळणाची मराठी ऐकून आपण पोट धरून हसतो आणि शेवटाला डोळे पुसतो. कारण लिहिणाऱ्याचा त्या माणसावर जीव होता. तुमच्या कंडक्टरवर कुणाचा जीव आहे? त्यापेक्षा घरात आईशी एक, गल्लीत दुसरी आणि ऑफिसात तिसरी भाषा बोलताना आपलंच लिंग-वचन कसं घसरतं, ते गा की. खानापूरपासून निपाणीपर्यंत प्रत्येक घरात ते गाणं आहे. आणि ते गाताना हळूच चिमटा काढायचा असेल, तर आधी स्वतःला काढ.

पैशाचं थोडक्यात. आमचा ऑर्केस्ट्रा होता तेव्हा एका मंडळानं तोंडी ठरवून तीन रात्री वाजवून घेतलं आणि शेवटी नारळ आणि शाल देऊन वाटेला लावलं. शाल अजून आहे, ऑर्केस्ट्रा नाही. लिहून घ्यायला लाजू नकोस. तसंच, झेपतील तेवढेच कार्यक्रम घ्या. बॉन्झोवाले दौरे करून करून थकले होते. मोडल्यावरही कराराची एक रेकॉर्ड राहिली होती, म्हणून त्यांना पुन्हा गोळा व्हावं लागलं आणि ती 1972मध्ये निघाली. मित्र म्हणून जमणं वेगळं आणि कागदाला बांधून जमणं वेगळं.

बँड किती वर्षं टिकेल, याचा हिशेब मात्र आत्ता मांडू नकोस. त्या डेथ कॅबच्या गाण्याचं नाव तीस वर्षांनी अमेरिकेतल्या पोरांनी आपल्या बँडला घेतलं, आणि इस्त्रीच्या यंत्राचं नाव तिकडच्या एका संगीत मासिकानं. स्टॅनशॉल 1995मध्ये घराला लागलेल्या आगीत गेला, इनिस 2019च्या शेवटच्या आठवड्यात. अर्बन स्पेसमन माझ्या फोनमध्ये आहे. सकाळी दाढी करताना लावतो, बायको वैतागते.

रविवारी संध्याकाळी या. कुंदा आणू नकोस, साखर वाढलीय. ड्रमरला घेऊन ये. आमच्या गल्लीतले पखवाजवाले बुवा यायचे आहेत, तुम्ही ज्यांची नक्कल केली तेच. मी त्यांना काही सांगितलेलं नाही.

तुझा,
काका