मोहितो कडू का होतं?

प्रश्न : घरी केलेलं मोहितो (रम, पुदिना, लिंबू आणि सोड्याचं कॉकटेल) आधी कडू लागतं, मग बघता बघता पाणचट होतं. काय चुकतंय?

उत्तर : पुदिन्यावर राग काढू नका! पानं ठेचून लगदा केला की कडवटपणा उतरणारच. तळहातावर ठेवून एक टाळी वाजवा, वास मोकळा होतो, बस. पाणचटपणाचं कारण बहुधा कोमट सोडा. सोडा आणि ग्लास आधी गार करा, बर्फ काठोकाठ भरा. थोडा बर्फ लवकर वितळतो, हे लोकांना पटतच नाही. ६० मिली व्हाइट रमला ३० मिली लिंबाचा रस (ताजाच, बाटलीतला मला चालत नाही) आणि २० मिली साखरेचा पाक. कंटाळा आला तर अपेरोल स्प्रिट्झ करा : तीन भाग प्रोसेको (फसफसणारी इटालियन वाइन), दोन अपेरोल (संत्र्याच्या चवीचं, किंचित कडवट इटालियन मद्य), एक सोडा. फार ढवळू नका, बुडबुडे जातात.