समुद्री शेवाळात जेनेटिक मॉडिफिकेशन खरंच जमतं का? एमएस्सीच्या प्रोजेक्टला घेऊ का?

जमतं. उल्व्हा या हिरव्या शेवाळात बाहेरचा जीन कायमचा बसवून झालाय, एक्टोकार्पस या तपकिरी शेवाळात २०२१ ला क्रिस्पर, म्हणजे जीन कापून बदलायचं तंत्रपण चालवलं. पण "बीटी कापूस झाला मग शेवाळाला काय अवघड" असं तुमचे सर म्हणतात ना, त्यांनी शेवाळाचं लॅबमधलं कल्चर कधी सांभाळलेलं नसणार.

मी एमएस्सीला उल्व्हाच घेतलं होतं. उधाणाच्या दिवसांत ओहोटी लागली की बँडस्टँडच्या खडकांवर उतरायचं, ती पोपटी, आरपार बोटं दिसतील इतकी पातळ पानं बुडापासून सोडवायची आणि तिथल्याच पाण्यात घालून लॅबला न्यायची. जीन घालायचा तर आधी कल्चर स्वच्छ हवं, म्हणून अँटिबायोटिक दिलं, प्लेटवर बॅक्टेरिया यायचे बंद झाले, आणि नवीन रोपांची पानं व्हायच्या ऐवजी नुसते पेशींचे गोळे. गाइडनी सगळ्यांसमोर सुनावलं, "तुझं काम स्वच्छ नाही, कंटॅमिनेशन आहे." व्हायव्हातही तेच, मार्क गेले ते गेलेच. अहो, कंटॅमिनेशन उरलं नव्हतं म्हणूनच गोळे झाले! उल्व्हाला आकार घ्यायला बॅक्टेरिया लागतात. रोझिओव्हेरियस आणि मारिबॅक्टर हे दोन बॅक्टेरिया मिळून दिले की पान परत नीट वाढतं, उल्व्हा म्युटाबिलिस या जातीवर हे व्यवस्थित दाखवलेलं आहे, आणि तरी मला आजही कोणी सॉरी म्हटलेलं नाही.

इंडस्ट्रीचं म्हणाल तर जीएम शेवाळ समुद्रात लावायच्या मी साफ विरोधात आहे, स्पोर पाण्याबरोबर कुठेही जातात. कप्पाफायकस हे लाल शेवाळ बघा, पदार्थ घट्ट करणाऱ्या कॅरेजीननसाठी बाहेरून आणलं, एक जीन बदललेला नाही, तरी मन्नारच्या आखातात क्रुसडाई बेटाजवळ प्रवाळावर पसरलं. त्यापेक्षा शेवाळ खाणारा जंतू बदला ना, २०१२ मध्ये ई. कोलाय बॅक्टेरियाला अल्जिनेट, म्हणजे तपकिरी शेवाळातली साखरेची लांब साखळी, पचवायला लावून तपकिरी शेवाळापासून इथेनॉल काढलंच की.

बंद टाकीत, रिसर्चपुरतं असेल तर माझी हरकत नाही, बायोसेफ्टी कमिटीची परवानगी मात्र आधी. आणि हे सगळं उल्व्हाचं सांगितलं, नोरीच्या (सुशीला गुंडाळतात ती) जातीच्या लाल शेवाळात रिपोर्टर जीनचे, म्हणजे जीन बसला की नाही ते दाखवणाऱ्या जीनचे, कोडॉनच (डीएनएची तीन-तीन अक्षरं) बदलून घ्यावे लागतात.

प्रोजेक्ट घ्याच. फक्त गोळे दिसल्यावर ओरडायच्या आधी मायक्रोस्कोपला डोळा लावेल असा गाइड बघा, आणि अँटिबायोटिक द्यायच्या आधी पानावरचे बॅक्टेरिया वाढवून ग्लिसरॉलमध्ये फ्रीज करून ठेवा, म्हणजे परत घालून दाखवता येईल.