हातकाम: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

प्रश्न : ताई, आमच्या ओट्याखालच्या लाकडी ड्रॉवरमध्ये उघडला की सगळा खडखडाट होतो. बाजारातून चमच्यांचा प्लॅस्टिक ट्रे आणला, तर तो ड्रॉवरपेक्षा अरुंद निघाला, आणि आईने भांडी बाजारातून घेऊन दिलेला पितळी झारा त्यात मावतच नाही. ड्रॉवर आतून समोर सव्वासतरा इंच रुंद, मागे 17, खोली साडेएकोणीस, उंची 4 इंच. घरी कप्पे करता येतील का? माझ्याकडे करवत आणि हातोडी एवढंच आहे.
— एक वाचक, पाथर्डी फाटा, नाशिक

उत्तर : येतील, आणि छान येतील. तुम्ही समोरचं आणि मागचं माप वेगवेगळं कळवलंत, तिथेच अर्धं काम झालं. माझे वडील सातपूरला एका कारखान्यात पॅटर्नमेकर होते, ओतकामासाठी लाकडी नमुने करायचे. ते कोणतंही माप तीन ठिकाणी घेत आणि त्यातलं सगळ्यात लहान धरत. तुम्हीही 17 धरा, त्यातून दोन सूत सोडा (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). चौकटीची बाहेरची रुंदी पावणेसतरा इंच. खोलीतूनही दोन सूत सोडले की लांबी सव्वाएकोणीस.

पण करवतीला हात लावायच्या आधी एक करा. ड्रॉवर पूर्ण रिकामा करा, सगळी हत्यारं जमिनीवर चादरीवर मांडा आणि रोज लागणारं, आठवड्याने लागणारं, सणाला लागणारं असे ढीग करा. विकतचा ट्रे बसत नाही याचं कारण तो काटे-चमच्यांच्या मापाचा असतो. आपल्याकडे झारा, कालथा, डाव, रवी, लाटणं, सांडशी, सोलाणं, शिवाय शंकरपाळ्यांचं कातणं. यातलं सगळ्यात लांब काय आणि सगळ्यात रुंद डोकं कशाचं, हे पाहूनच कप्पा ठरवायचा. तुमच्या घरात ते मोजमाप आईचा झारा ठरवणार. सोऱ्या आणि त्याच्या जाळ्या मात्र या ड्रॉवरमधून बाहेर काढा. वर्षातून दोनदा लागणाऱ्या वस्तूने रोजची जागा अडवू नये, याबाबतीत मी हट्टी आहे.

आता साहित्य. 6 एमएमचं प्लायवूड घ्या, म्हणजे जाडी साधारण दोन सूत. दुकानदार एमआर, म्हणजे फक्त हवेतल्या दमटपणाला तोंड देणारं प्लाय दाखवेल, ते ओलसर ओट्याखाली टिकत नाही. बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्यालाही दाद न देणारं मागा आणि शिक्का स्वतः वाचा. आयएस 303 हा प्लायवूडच्या भारतीय मानकाचा आकडा दोन्ही प्रकारांवर असतो, म्हणून अक्षरंही पाहायची. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेला बोर्ड, घेऊच नका. कडेने पाणी पितं, फुगतं आणि पुन्हा मूळ रूपात येत नाही. दुकानातच मशिनवर अडीच इंच रुंदीच्या पट्ट्या चिरून घ्या. हाताने इतकी लांब सरळ चीर काढणं नवख्याला जड जातं, आडवे तुकडे मात्र घरच्या करवतीने सहज होतात.

तुकडे असे: बाजूच्या दोन पट्ट्या सव्वाएकोणीस इंच, त्यांच्या मध्ये बसणाऱ्या पुढच्या-मागच्या दोन सव्वासोळा, कप्पे पाडणारे, पुढून मागे जाणारे उभे पडदे दोन पावणेएकोणीस, आणि उजव्या कप्प्यातला आडवा पडदा सव्वापाच. इथे बहुतेकजण चुकतात ते पडद्यांची जाडी विसरून. दोन बाजू आणि दोन पडदे मिळून लाकूडच 1 इंच खातं. पावणेसतरातून ते वजा केलं की वापरायला पावणेसोळा उरतात. त्यातले 6 इंच डावीकडे झारा-कालथ्याला, मधले साडेचार लाटणं आणि रवीला, उजवीकडचे सव्वापाच चमच्यांना. पेन्सिलीच्या रेघेवर करवत चालवू नका. रेघेच्या बाहेरच्या, टाकाऊ बाजूने कापा आणि रेघ तुकड्यावर शाबूत राहू द्या. उरलेला केसभर भाग पॉलिश पेपरने, आधी 120 आणि मग 220 नंबरने घासून जुळवा.

पातळ प्लायच्या कडेत खिळा मारला की थर फाटतात. म्हणून चारही कोपऱ्यांत आतून अर्ध्या इंचाची चौकोनी दांडी फेव्हिकॉलने चिकटवा आणि रात्रभर सुतळीने आवळून ठेवा. आवळण्याआधी दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले तर चौकट काटकोनात आहे, नाहीतर लांब कर्णाच्या टोकांवर थोडं दाबा. पडदे मात्र चिकटवू नका. प्रत्येक पडद्याच्या दोन्ही टोकांशी लाकडाच्या दोन बारीक पट्ट्या उभ्या लावून खोबणी करा आणि पडदा वरून सरकवा. घरात नवी वस्तू आली की आडवा पडदा उचलून दुसऱ्या खोबणीत टाकता येतो. त्यासाठी त्या कप्प्यात आधीच तीन-चार खोबण्या करून ठेवा.

चौकटीला तळ लावू नका. हे मी सोसून शिकले. माझा पहिला ट्रे मी मे महिन्यात केला, तळाला आंब्याच्या लाकडाची फळी, ड्रॉवरमध्ये अगदी घट्ट बसेल अशी. जुलैत, गोदेचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या अंगावर चढतं त्या दिवसांत, तो ट्रे फुगून असा अडकला की काढताना ड्रॉवरची बाजूच निसटली. लाकूड रेषांच्या दिशेने फारसं वाढत नाही, आडवं फुगतं, आणि मी फळी नेमकी आडवी धरली होती. बिनतळाची चौकट उचलली की खाली पडलेली मोहरी, जिऱ्याचे दाणे एका फडक्यात पुसून होतात. खाली जाड सुती कापड अंथरा, म्हणजे आवाजही बसेल.

शेवटी जवसाचं तेल. शेंगदाण्याचं किंवा इतर खायचं तेल चोळू नका, ते लाकडात खवट होतं. जवसाचं तेल हवेत सुकून घट्ट होतं. पातळ हात द्या, पाव तासाने जास्तीचं पुसा, पूर्ण सुकल्यावरच दुसरा हात. पावसाळ्यात ते लवकर सुकत नाही, ऑक्टोबरचं ऊन पडेपर्यंत थांबा. आणि कृपा करून हे लक्षात ठेवा: तेलाचं फडकं चुरगाळून टोपलीत टाकू नका. सुकताना ते आतून तापतं आणि आपोआप पेट घेऊ शकतं. उघड्यावर पसरून वाळवा, मगच टाका.

प्रश्न : द्राक्षांच्या रिकाम्या पेट्या घरात पडल्या आहेत. त्याच पुठ्ठ्याचे कप्पे केले तर लाकडाचा खर्च वाचेल ना?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : नमुन्यासाठी जरूर वापरा, मी स्वतः वापरते. पुठ्ठ्याचे कप्पे करून आठवडाभर ड्रॉवर चालवा. डाव कुठे ठेवला जातो, सांडशीसाठी हात कुठे जातो, ते कळेल आणि त्याप्रमाणे मापं बदलता येतील. कायमचं मात्र नको. पुठ्ठ्याच्या दोन थरांमधल्या नळ्या ओल धरतात आणि झुरळांना तीच जागा आवडते. आठवडा झाला की पेटी रद्दीत द्या.

प्रश्न : जुन्या लाकडी कपाटाचा ड्रॉवर ओढताना कुरकुरतो. तेल सोडू का?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : लाकडावर लाकूड घासत असेल तर तेल नको, धूळ धरून चिकट होईल. ड्रॉवर बाहेर काढा, खालच्या धावपट्ट्या कोरड्या फडक्याने पुसा आणि त्यांवर साधी मेणबत्ती जोर देऊन चोळा. लोखंडी चॅनेल असेल तर मेण लावू नका. ते ब्रशने झाडा आणि आतली एखादी गोळी निसटली आहे का ते बघा.