क्रॅक केलेला, म्हणजे कुलूप तोडलेला, गेम खेळणं आणि टेलिग्रामवरून उतरवलेला पिक्चर बघणं ही खरंच चोरी आहे का? पकडलं तर काय होतं?

कायदा त्याला चोरी नाही, कॉपीराइटचा भंग म्हणतो, आणि जाणूनबुजून केलेला भंग हा गुन्हा आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 63 म्हणतं 6 महिने ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड. गेम हा कायद्याच्या लेखी संगणकाचा प्रोग्रॅम, म्हणून जाणूनबुजून बनावट प्रत चालवणाऱ्याला 63 ब हे वेगळं कलम आहे. धंद्यासाठी वापरली नसेल तर कोर्ट कैद न देता 50 हजारांपर्यंतच्या दंडावर भागवू शकतं. हॉस्टेलच्या खोलीत बसून खेळणाऱ्या पोरावर अशी केस झालेली निदान आमच्या परभणी जिल्ह्यात मी तरी ऐकली नाही.

पण तुम्ही प्रश्नात लिहिलंय की तुमचा रूममेट म्हणतो, "मी ते विकत घेणारच नव्हतो, मग नुकसान कुणाचं?" आणि तुम्ही त्याला फुकट्या म्हणालात. त्या फुकट्यावर मला बोलायचंय.

सेलूला माझं मोबाईलचं दुकान होतं. रिचार्ज, कव्हर, चार्जर, आणि खरी कमाई मोबाईलचं मेमरी कार्ड गाण्या-पिक्चरांनी भरून देण्यात. परभणीहून हार्डडिस्क भरून यायची. चार जीबीचं कार्ड भरायला मी तीस रुपये घ्यायचो, नवा पिक्चर पाहिजे असेल तर वर दहा. बाजाराच्या दिवशी खेड्यावरची माणसं कार्ड माझ्या हातात ठेवून सरकी-पेंड आणायला जायची आणि येताना घेऊन जायची. एकाला भीमगीतं, एकाला इंदुरीकरांचं कीर्तन, तरण्या पोरांना साउथचे हिंदीत डब केलेले पिक्चर. चायना मोबाईलवर चालावं म्हणून मी ते बारीक करून द्यायचो, पडद्यावर माणसाचं नाक-डोळं ओळखू आलं म्हणजे झालं. यातल्या एकानेही मला "फुकट दे" म्हटलं नाही. रोख मोजायचे. म्हणजे पैसे द्यायची दानत होती, पैसे चुकीच्या गल्ल्यात, माझ्या गल्ल्यात, पडत होते. कारण ज्याचा माल होता त्याने आमच्याकडे दुकानच मांडलं नव्हतं. टाकीज बंद पडलेली, नवा पिक्चर बघायचा तर परभणी नाहीतर जालना, आणि शेवटचा शो सुटल्यावर यायला गाडी नाही.

हे सगळं माझ्या साडूला मान्य नाही. पुण्याला हिंजवडीत आहेत, माणूस सरळ आहे, सिग्नलला मध्यरात्री पण थांबणारा. दर दिवाळीला सासुरवाडीत आमचा यावरून खटका उडतो. सासूबाई म्हणतात जेवताना तरी गप बसा.

2012 च्या दिवाळीला ते लेकरासाठी ओरिजनल गेम घेऊन आले. चांगला पंधराशेचा डबा, वर चकचकीत वेष्टण, आत डीव्हीडी आणि पुस्तिकेच्या मागे कोड. लेकरू आठवीत होतं. येताना सगळ्या रस्त्याने त्याने डबा मांडीवरून खाली ठेवला नव्हता म्हणे. सासऱ्यांच्या घरी कॉम्प्युटर कुठला, म्हणून दुपारी माझ्या दुकानात आले. डीव्हीडी घातली, तासभर इन्स्टॉल झालं, कोड टाकला. मग ते म्हणालं आधी ऑनलाइन खातं काढा. काढलं. मग म्हणालं आधी अपडेट उतरवा. अपडेट किती, तर चार जीबीच्या वर. माझ्याकडे ब्रॉडबँड होतं, पण वाऱ्याची झुळूक आली तरी तुटणारं. दोन टक्के, तीन टक्के, लाईट गेली. भारनियमन तेव्हा रोजचंच. इन्व्हर्टरवर मॉनिटर चालला पण टेलिफोन एक्सचेंजकडूनच लाईन डेड. पुन्हा पहिल्यापासून. लेकरू स्टुलावर बसून त्या हिरव्या पट्टीकडे बघतंय, साडू कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावतायत, तिकडून इंग्रजीत रेकॉर्ड वाजतंय.

तोच गेम माझ्या हार्डडिस्कवर होता. क्रॅक केलेला, ना खातं ना अपडेट. मी म्हटलं, "पाहुणे, डबा तुमच्याकडं हाये, पावती हाये. मी पंधरा मिनिटांत चालू करून देतो, खेळू द्या लेकराला."

"चोरीचा नाही खेळायचा."

"अहो, पैसे तर मोजलेत ना तुम्ही? मग चोरी कोणाची?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

लेकरू माझ्याकडे बघून म्हणालं, "काका, राहू द्या." दिवाळी संपेपर्यंत तो गेम चालला नाही. मी टिकल्यांची बंदूक आणून दिली, आठवीतल्या पोराला.

आता साडूंना जे तेव्हा तोंडावर सांगता आलं नाही ते इथे सांगतो. गेम-पिक्चरला लावलेलं डिजिटल कुलूप तोडण्याबद्दलचं कलम 65 अ त्याच वर्षी, 2012 च्या दुरुस्तीत आलं. त्यात शिक्षा आहे ती हक्काचा भंग करण्याच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्याला. शिवाय प्रोग्रॅम ज्याच्याकडे कायदेशीर आहे त्याला मूळ प्रत बिघडण्याच्या भीतीने जादा प्रत करून ठेवायची मुभा याच कायद्यात, कलम 52 मध्ये, आहे. पावती खिशात असणाऱ्या बापाचा हेतू काय होता? मी वकील नाही, वकील याच्यावर चार तास बोलेल. आणि माझ्या डिस्कवरची प्रत काही त्यांच्या डीव्हीडीवरून केलेली नव्हती, तेव्हा माझी बाजू तिथे लंगडी पडते, हे कुणी कमेंटमध्ये सांगायच्या आत मीच सांगतो.

आणि पैसे मोजले म्हणून वस्तू तुमची झाली हा साडूंचा भ्रम तर कंपन्यांनीच मोडला. युबिसॉफ्टने 2014 साली आणलेल्या 'द क्रू' या गेमचे सर्व्हर 31 मार्च 2024 ला बंद केले. एकट्याने खेळायचा भागसुद्धा सर्व्हरशिवाय चालत नव्हता. ज्यांनी तो विकत घेतला होता त्यांच्या खात्यातून नंतर परवानाही काढून घेतला. पैसे परत मिळाले ते अगदी अलीकडे घेतलेल्या काहींना. असं असेल तर दुकानात 'विकत घ्या' असं बटण कशाला ठेवता? भाड्याने म्हणा.

माझं दुकान पोलिसांनी बंद पाडलं नाही. महाराष्ट्रात धोकादायक कृत्यांना आळा घालणाऱ्या एमपीडीए कायद्यात हातभट्टीवाले आणि वाळू तस्करांच्या रांगेत व्हिडिओ पायरेट, म्हणजे पिक्चरच्या चोरट्या प्रती विकणारे, बसवलेत, वर्षभर स्थानबद्ध करता येतं. दुधना नदीतली वाळू अजून रोज उपसली जाते, तेवढ्यावरून त्या रांगेला कोण किती भितं ते समजून घ्या. माझा धंदा बसला तो 2016 नंतर, नेट जवळपास फुकट झालं तेव्हा. तीच खेड्यावरची माणसं यूट्यूबवर कीर्तन ऐकायला लागली, माझ्याकडे फक्त काच बसवायला यायची. गेमचंही तेच. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाने 2015 मध्ये रुपयात दर लावले, सेलमध्ये दोनशे-तीनशेत गेम मिळायला लागला आणि माझ्या ओळखीतल्या निम्म्या पोरांनी क्रॅक शोधणं सोडलं. त्या स्टीमचा प्रमुख गेब न्यूवेल 2011 मध्येच म्हणाला होता की पायरसी हा बहुतेक वेळा दराचा नसून सेवेचा प्रश्न असतो. साडूंना हे दाखवलं तर म्हणाले, "तो अब्जाधीश आहे, त्याला परवडतं." बरं.

एका ठिकाणी मात्र मी साडूंच्या बाजूने आहे, तुमच्या रूममेटला सांगा. लहान मराठी पिक्चर उतरवू नका. सैराटची कॉपी मोबाईलवर फिरत असूनही थेटरं भरली, हे उदाहरण जो तो फेकतो. सैराट एक. बाकीच्यांना परभणीत सकाळचा एक शो मिळतो तोही आठवडाभर, आणि त्याच आठवड्यात कॉपी आली की निर्माता संपला. तिथे नुकसान कुणाचं हा प्रश्न पडायचं कारण नाही.

पकडलं तर काय, ते अर्धंच सांगितलं. थेटरात मोबाईल धरून रेकॉर्डिंग करू नका. 2023 च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीने त्याला किमान 3 महिने कैद आणि किमान 3 लाख दंड केलाय. पिक्चर वाटणाऱ्या टेलिग्राम चॅनलचा ॲडमिन होऊ नका, पोलीस शोधतात तो वाटणाऱ्याला. आणि क्रॅक टाकताना अँटीव्हायरस बंद करा असं सांगणाऱ्या साइटवर ज्या लॅपटॉपवरून बँकेचं काम करता तो चुकूनही नेऊ नका. तसे लॅपटॉप मी अजून फॉरमॅट करतो, आता त्याचे पाचशे घेतो.