खार की माकड? आधी उष्टं पाहा

प्रश्न : इंदूरजवळ सिमरोलकडे आमचा मका दुधात आलाय, बांधावर पेरू आहेत. रोज नासाडी होते. घरचे म्हणतात खारी, गडी म्हणतो माकडं. विष ठेवू का? आणि मुलगा विचारतो, कार्टूनमधली चिपमंक ती हीच का?

उत्तर : विष मुळीच नको. ते खार खाईल की तुमचंच कुत्रं, सांगता येत नाही. शिवाय 1972 च्या वन्यजीव कायद्याची भानगड मागे लागेल.

पेरू फांदीलाच लटकलेला, एका बाजूनं पोखरलेला, भोकाच्या कडेला बारीक दातांचे ओरखडे, तर खार. भुट्टा ताटासकट ओढलेला, पानं सोलून फेकलेली, चार घास खाऊन पुढच्याला हात घातलेला, तर माकड. नासाडी रात्रीतून होत असेल तर दोघंही निर्दोष, कारण दोघंही दिवसाच फिरतात. मग उंदीर किंवा रानडुकराचा माग काढा.

माकडांतही दोन तऱ्हा आहेत. लालतोंड्या गालातल्या पिशव्यांत दाणे कोंबून पळतो आणि झाडावर बसून निवांत चघळतो; तुम्ही धावत पोचेपर्यंत माल गेलेला असतो. काळतोंड्या वानराला अशा पिशव्या नसतात. त्याचं कप्प्यांचं पोट पाला पचवणारं, म्हणून हरभऱ्याचे शेंडे तोच खुडतो.

खारीसाठी पेरू लिंबाएवढा झाला की पिशवी बांधा. झाड सुटं असेल तर खोडाला दीड-दोन फूट रुंद गुळगुळीत पत्रा गुंडाळा. शेजारची फांदी टेकत असेल तर पत्र्याचा खर्च वाया.

माकडापुढे पत्रा कुचकामी. शेजाऱ्यांनी मिळून पाळीनं राखण करावी आणि तयार भुट्टा लगेच काढावा, भुट्ट्याचा कीस तुमच्या घरी होऊ द्या! पुढल्या हंगामात रानाकडच्या कडेला मिरची किंवा हळद लावून पाहा. घाटात गाडी थांबवून केळी वाटणाऱ्या पुण्यवंतांना मात्र माझ्याकडे उपाय नाही. माकडं पळवायला धडाका करणारी कार्बाइडची बंदूक वाजवू नका. 2025 च्या दिवाळीत आपल्याच मध्य प्रदेशात तिनं कितीतरी मुलांच्या डोळ्यांना इजा केली. टोळी हटेनाच तर वन विभागाला कळवा.

मुलाला सांगा, चिपमंक आपल्याकडे नाही. ती मुख्यतः उत्तर अमेरिकेतली. तिच्या तोंडावरही पट्टे असतात, गालात पिशव्या असतात आणि कडाक्याच्या थंडीत ती बिळात झोपते. आपल्या खारीचे पाचही पट्टे पाठीवर, आणि ती बाराही महिने जागी.

माकड चावलं तर जखम साबणानं 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा.