बारा लाखांचे कर्ज आणि पहिला पगार

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील तपशील आधी थोडक्यात मांडतो. आपण बार्शीत नोकरी करता, वय ५१ आहे, अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त व्हाल आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ६ लाख ८० हजार रुपये आहे. इतर मागासवर्गातील आपल्या मुलीला एमएचटी-सीईटीत ८४ पर्सेंटाइल मिळाले आहेत. कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या फेरीतून तिला सोलापूरच्या एका महाविद्यालयात अभियांत्रिकीची इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन शाखा मिळण्याची चिन्हे आहेत. तिला मात्र कॉम्प्युटर शाखा हवी आहे, आणि ती पुण्यातील एका खासगी महाविद्यालयात संस्थास्तरीय कोट्यातून, म्हणजे महाविद्यालय स्वतः भरते त्या जागांतून, वर्षाला ३ लाख शुल्क भरून मिळू शकते. वसतिगृहाचा खर्च पगारातून भागवून शुल्कापुरते १२ लाखांचे कर्ज घ्यावे आणि त्यासाठी राहते घर तारण ठेवावे, असा आपला विचार आहे. हे कर्ज आपण घेऊ नये, असे माझे मत आहे.

बँकेने आपल्याला १०.५ टक्के दर सांगितला आहे. अभ्यासक्रमाची चार वर्षे आणि पुढचे एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही, त्यामुळे या काळात कर्ज जणू झोपलेले आहे असे पुष्कळ पालकांना वाटते. प्रत्यक्षात पहिली रक्कम उचलल्या दिवसापासून सरळव्याज चालू होते. दरवर्षीच्या सुरुवातीला ३ लाख उचलले, तर पाच वर्षांत ४ लाख ४१ हजार रुपये व्याज साचते. ते मुद्दलात मिळवल्यावर परतफेड सुरू होताना आपण १६ लाख ४१ हजारांचे देणेकरी असाल. दहा वर्षांच्या मुदतीत याचा हप्ता महिन्याला सुमारे २२ हजार १०० रुपये येतो. पंधरा वर्षांची मुदत घेतल्यास तो १८ हजारांच्या आसपास उतरतो, पण एकूण परतफेड साडेबत्तीस लाखांच्या वर जाते.

आता हा हप्ता कशातून जायचा ते पाहू. महाविद्यालयाच्या माहितीपत्रकातील ‘सर्वाधिक पॅकेज’ एखाद्याच विद्यार्थ्याचे असते, त्यावर घर तारण ठेवता येत नाही. मोठ्या आयटी सेवा कंपन्या घाऊक भरतीत नवख्या अभियंत्याला वर्षाला सुमारे साडेतीन लाख देतात आणि हा आकडा कित्येक वर्षे जवळपास तिथेच अडकला आहे. म्हणजे हातात महिन्याला २५ ते २७ हजार. पुण्यात खोलीचे भाडे, जेवण आणि प्रवास यांनंतर त्यातून २२ हजार देता येणार नाहीत. ते आपल्याला द्यावे लागतील. पहिला हप्ता येईल तेव्हा आपण ५६ वर्षांचे असाल आणि दोनच वर्षांत आपला पगार थांबेल, पण सहकर्जदार म्हणून आपली जबाबदारी तशीच राहील.

माझ्याकडे येणाऱ्या पालकांना मी सांगतो, की हप्ता पहिल्या पगाराच्या तृतीयांशाच्या आत असावा. हातात २७ हजार येत असतील, तर हप्ता ९ हजारांचा. उलट गणित केले तर चार वर्षांत मिळून उचललेली रक्कम पाच लाखांच्या आत राहायला हवी. आपला बेत त्याच्या अडीचपट आहे.

‘पण शाखा कॉम्प्युटरची आहे’ हा आपला मुद्दा मी हलका मानत नाही. स्वतःचे सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या चांगल्या (प्रॉडक्ट) कंपन्यांत या शाखेला पहिली संधी मिळते आणि पुढील पगारवाढही वेगाने होऊ शकते. परंतु ज्या घाऊक भरतीवर बहुसंख्य विद्यार्थी अवलंबून असतात, तिथे इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांनाही बसू देतात आणि नेमणूक त्याच पगारावर होते. कॉम्प्युटरची पदवी पहिल्या महिन्यापासून २२ हजार रुपये जास्त मिळवून देईल, असे मानायला पुण्याच्या महाविद्यालयाने आपल्याला काय दाखवले आहे? एनआयआरएफला, म्हणजे केंद्र सरकारच्या महाविद्यालय क्रमवारीला, दिलेली त्यांची माहिती संकेतस्थळावर असेल, तर त्यात नोकरी मिळालेल्यांची संख्या आणि मध्यक पगार पाहा. मध्यक म्हणजे निम्म्या मुलांना ज्याहून कमी मिळाले तो आकडा, आणि निर्णयाला तोच उपयोगी आहे.

आपल्या पत्रात जिचा उल्लेखही नाही, ती बाब माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्ग या गटांतील, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्काचा आणि परीक्षा शुल्काचा शंभर टक्के लाभ मिळतो. आपली मुलगी यात बसते, पण प्रवेश कॅपमधून हवा. संस्थास्तरीय कोट्यातून घेतल्यास हा लाभ जातो. व्याजात सवलत देणारी केंद्राची पीएम-विद्यालक्ष्मी योजनाही अशा व्यवस्थापन कोट्यातील विद्यार्थ्यांना लागू नाही. सोलापूरला आपल्याला विकास शुल्कासारखी इतर शुल्के आणि वसतिगृह एवढाच भार उरेल, आणि आपण कळवलेल्या आकड्यांवरून तो पगारातून निभेल. शैक्षणिक कर्जावर मिळणारी प्राप्तिकरातील वजावट फक्त व्याजावर आणि जुन्या करप्रणालीतच मिळते, तिच्या भरवशावर हे पारडे फिरत नाही.

मुलीचे मन मोडेल, ही आपल्या पत्नीची काळजी मला समजते. मुलीपासून वरचे आकडे लपवू नका. सतरा-अठरा वर्षांची मुलगी हे गणित नीट समजू शकते. कॉम्प्युटरमधील मायनर पदवीची, म्हणजे मुख्य शाखेसोबत घेता येणाऱ्या जोडविषयाची, सोय सोलापुरात आहे का, हे तिनेच तिथे जाऊन विचारावे. कॅपच्या पसंतीक्रमात तिच्या गुणांना पोहोचतील अशी कॉम्प्युटर आणि आयटीची सर्व महाविद्यालये, लहान गावांतलीही, इलेक्ट्रॉनिक्सच्या वर टाका. त्यांपैकी एखादे मिळाले, तर शाखा आणि शुल्कमाफी दोन्ही हाती येतील. घर तारण न ठेवता चार-साडेचार लाखांपर्यंतचे कर्ज वसतिगृहासाठी लागले, तर त्याला माझी हरकत नाही.

आधी उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर आणि जातवैधता प्रमाणपत्र हाती आहे का ते तपासा. प्रवेशानंतर महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावर अर्ज करायचा आहे आणि दरवर्षी त्याचे नूतनीकरणही करावे लागते.