२३० व्होल्टवर रॉड ६.५ अँपिअर घेतो, तर रोध आणि वॅट किती?

भावा, पाणी तापवायच्या रॉडचं गणित दोन ओळींचं आहे. रोध म्हणजे व्होल्ट भागिले अँपिअर: २३० ÷ ६.५ = साधारण ३५.४ ओहम. शक्ती म्हणजे दोन्हींचा गुणाकार: २३० × ६.५ = १४९५ वॅट. म्हणजे दुकानदारानं १५०० चा म्हणून दिला तो खरंच १५०० चा आहे. तासाला दीड युनिट.

आता गंमत बघ. संध्याकाळी व्होल्टेज २०० वर आलं, तरी रोध जवळपास तोच राहतो. करंट उतरतो ५.६५ वर आणि वॅट ११३० वर. व्होल्टेज १३ टक्के पडलं, पण उष्णता चोवीस टक्के घटली, कारण शक्ती व्होल्टेजच्या वर्गावर चालते. थंडीत अंघोळीला उशीर होतो तो असा.

करंट मोजायला क्लॅम्प मीटर, म्हणजे चिमट्यासारखा वायरीभोवती बसणारा मीटर, एकाच वायरभोवती लाव. दोन्ही वायरी एकदम पकडल्यास तर शून्य दाखवेल. उद्यमनगरात कामाला लागलो तेव्हा मीच तसं करून मीटर बिघडला म्हणून बोंब मारली होती.

हेच गणित पंचगंगेकाठच्या पंपाच्या मोटरला मात्र लावू नको. तिथं पॉवर फॅक्टर, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअरपैकी खरंच वॅट होणारा हिस्सा, मध्ये येतो, आणि व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे नुसता वायंडिंगचा रोध नसतो.